इतिहासाचा अभिमान सर्वांना, विषय मात्र कुणालाच नको

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि पेढ्याची चव जिभेवरून उतरण्यापूर्वीच शेजारी, आप्त, वडिलांचे कचेरीतील सहकारी एकच प्रश्न विचारतात, ''मग, सायन्स ना?'' प्रश्नाची रचनाच अशी आहे की तिच्यात उत्तर आधीच घालून ठेवलेले असते. ज्या मुलाला नव्वद टक्के गुण मिळाले आहेत त्याने ''नाही, कला शाखेत जाऊन इतिहास घेणार आहे'' असे म्हटले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. मग त्याची समजूत काढली जाते. कुणी मामा येतो, कुणी क्लासचालक येतो, कुणी अमेरिकेत असलेला चुलतभाऊ दूरध्वनीवरून उपदेश करतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची जिद्द ती किती असणार? आठ दिवसांत तो विज्ञान शाखेचा अर्ज भरतो आणि घराला हायसे वाटते.

आश्चर्य याचे की हेच घर शिवजयंतीला गडावर जाते. याच घराच्या दिवाणखान्यात राज्याभिषेकाचे चित्र असते. पाठ्यपुस्तकात मराठ्यांच्या इतिहासाला चार ओळी मिळाल्या की याच घरातील कर्ता पुरुष संतप्त पत्र लिहितो, 'डाव्यांनी देशाचा इतिहास विकृत केला' हे वाक्य याच घरात जेवणाच्या ताटावर उच्चारले जाते. ते वाक्य चुकीचे आहे असे नाही. परंतु त्या वाक्यानंतर एक प्रश्न विचारायला हवा आणि तो सहसा कुणी विचारत नाही. इतिहास विकृत करणारे तो लिहीत होते तेव्हा तो नीट लिहू शकणारे कुठे होते? कोणत्याही शाखेच्या मुख्यशिक्षकाने आपल्या वस्तीतील परिचित घरे मोजावीत. दहावीनंतर इतिहास, संस्कृत, पुरातत्त्व किंवा भाषाशास्त्र यांपैकी एखादा विषय मनापासून घेतलेला आणि त्यात टिकलेला मुलगा अथवा मुलगी किती घरांत सापडते? बहुतेक ठिकाणी एका हाताची बोटेही पुरून उरतील.

तक्रार मोठी, तयारी शून्य

१९७२ साली भारतीय इतिहास संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते रामशरण शर्मा. त्यानंतरची काही दशके या परिषदेवर, विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर आणि पाठ्यपुस्तक समित्यांवर मार्क्सवादी विचारांच्या अभ्यासकांचा वरचष्मा राहिला. राजसत्तेचा आश्रय त्यांना होता, हे खरेच. पण केवळ आश्रयाने कुणी पन्नास वर्षे एखाद्या विद्याशाखेवर राज्य करू शकत नाही. त्या मंडळींनी तरुण वयात इतिहास हा विषय निवडला, फारसी, संस्कृत, पाली यांसारख्या भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, पुराभिलेखागारांत वर्षानुवर्षे धूळ खाल्ली आणि आपल्यामागे शिष्यांची फळी उभी केली. त्यांच्या निष्कर्षांशी राष्ट्रीय विचारांचा मतभेद आहे आणि तो राहील. मात्र ग्रंथाला उत्तर ग्रंथानेच द्यावे लागते. घोषणेने, निषेधाच्या ठरावाने किंवा भ्रमणध्वनीवर पुढे ढकललेल्या संदेशाने ते देता येत नाही.

जिथे असे उत्तर देणारी माणसे होती तिथे काय घडले, हेही देशाने पाहिले आहे. अयोध्येच्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन केले. २०१० चा उच्च न्यायालयाचा निकाल असो वा ९ नोव्हेंबर २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, त्या उत्खननाच्या अहवालाची चर्चा दोन्हींत सविस्तर आहे. आंदोलनात लक्षावधी लोक उतरले, त्यांचे बलिदान मोठेच. परंतु न्यायासनासमोर मातीचे थर वाचून दाखवणारी माणसे मूठभर होती. ती मूठभर माणसे कधीतरी सतरा-अठरा वर्षांची होती आणि त्या वयात त्यांनी, व्यवहारी जगाच्या दृष्टीने, 'स्कोप नसलेला' विषय निवडला होता.

आज त्यांची जागा घेणारे किती आहेत? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील कागदांचे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. तो सागरातून उपसलेला एक घडा होता. उरलेला सागर तसाच पडून आहे, कारण मोडी वाचणारे, त्यातील फारसी शब्दांचा अर्थ लावणारे आणि त्यावरून शास्त्रशुद्ध इतिहास लिहिणारे अभ्यासक नाहीत. पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा बृहत्कोश सिद्ध होतो आहे. पिढ्या गेल्या, खंड निघाले, काम मात्र अजून अपुरेच आहे. या कामांना पैसा हवा तसा माणूसही हवा. माणूस अकरावीच्या प्रवेश अर्जावरच अडवला जात असेल, तर पैसा येऊनही काय होणार?

गुण मिळवण्याची युक्ती

विषयनिवडीचा रोग दहावीनंतर सुरू होत नाही, तो आठवी-नववीतच जडतो. राज्य मंडळाच्या शाळांत पूर्ण संस्कृत शंभर गुणांचे घ्यावे की हिंदी-संस्कृत असा संयुक्त विषय घ्यावा, हा निर्णय तेव्हा होतो. बहुसंख्य सुशिक्षित घरे संस्कृत निवडतात. यात आनंद मानावा, असे क्षणभर वाटते. पण कारण विचारले तर उत्तर मिळते, ''स्कोअरिंग आहे.'' व्याकरणाचे प्रश्न ठरलेले, रूपे पाठ केली की गुण हातात, निबंधासारखी परीक्षकाच्या मर्जीची भानगड नाही. कालिदास, भवभूती, शंकराचार्य यांच्या भाषेकडे हिंदू घर पैकीच्या पैकी गुण देणारे यंत्र म्हणून पाहते आणि दहावीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ते यंत्र अडगळीत टाकते. नव्व्याण्णव गुण मिळवलेल्या मुलाला वर्षभराने एखादा साधा श्लोक अन्वय लावून वाचता येत नाही. संस्कृतची अशी विटंबना करण्यास कुणा परकीयाची गरज पडलेली नाही.

मराठीची अवस्था वेगळी नाही. राज्याने २०२० मध्ये कायदा करून शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा ढोलताशे वाजले. परंतु अकरावीत पाऊल टाकताच दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय आहे. विज्ञान शाखेत द्विलक्ष्यी अभ्यासक्रम घेतला की दुसरी भाषा आपोआप सुटते. ढोल वाजवणाऱ्या किती घरांनी अशा वेळी मुलाला मराठी घ्यायला सांगितले? अभिजात दर्जा दिल्लीहून मिळाला, पण अभिजात ग्रंथ वाचू शकणारा मुलगा दिल्लीहून पाठवला जात नसतो. तो घरातच घडवावा लागतो.

त्यात २०१० पासून 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची भर पडली. सहा विषयांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून वगळायचा, असा हा हिशेब. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांशी बरोबरी व्हावी हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता. परिणाम मात्र असा झाला की कोणता विषय सोडून दिला तरी चालेल, हे मूल चौदाव्या वर्षी शिकले. सोडून दिला जाणारा विषय बहुधा भाषा असतो किंवा इतिहास-भूगोल असतो. मुलाच्या मनावर कोरला जाणारा धडा स्पष्ट आहे. गणित आणि विज्ञान हे खरे विषय आहेत. मातृभाषा आणि देशाचा इतिहास ही भरताड आहे.

या मानसिकतेवर एक प्रचंड बाजार उभा आहे. महाविद्यालयात केवळ नाव नोंदवायचे आणि दिवसभर शिकवणी वर्गात बसायचे, याला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव मिळाले आहे. प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरते उघडते, ग्रंथालयाचे तेवढ्यापुरतेही उघडत नाही. राजस्थानातील कोटा शहरात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. ती मुले निर्बुद्ध नव्हती. त्यांतील किती जणांना मुळात ती परीक्षा द्यायची होती, याचा शोध घेण्याची तसदी कुणी घेतली? जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले. सूचना योग्यच आहे. पण सातवीतल्या मुलाला 'फाउंडेशन'साठी घेऊन जाणारा पालकच असेल, तर मंत्रालय काय करणार?

मेकॉलेने १८३५ साली आपले टिपण लिहिले, त्याला आता दोनशे वर्षे होत आली. या देशाच्या विद्या निरुपयोगी आहेत, असे त्याचे मत होते. त्याचा निषेध करणारी भाषणे आजही टाळ्या घेतात. आणि सभा संपवून घरी परतलेला श्रोता आपल्या मुलीला सांगतो की संस्कृत घेऊन पोट भरत नाही.

भीती खरी, उपाय खोटा

येथे पालकाचा पक्षही ऐकला पाहिजे. पगारावर चालणाऱ्या घराला मुलाच्या उपजीविकेची चिंता असणारच. ज्याने स्वतः टंकलेखन शिकून किंवा पाळीची नोकरी करून संसार उभा केला, त्याला 'ज्ञानासाठी ज्ञान' हा उपदेश चैनीचा वाटला तर त्यात नवल नाही. कला शाखेच्या असंख्य महाविद्यालयांत वर्ग ओस असतात, टिपणे वाचून पदव्या मिळतात आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, हेही नाकारता येणार नाही. त्याची जबाबदारी शासनावर आहे आणि ती त्याच्याकडून वसूल केली पाहिजे.

परंतु भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा ठरलेला उपाय खरा होत नाही. अभियांत्रिकी म्हणजे हमखास नोकरी, हे समीकरण गेल्या दशकातच मोडले. राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हजारो जागा रिकाम्या राहिल्या, कित्येक महाविद्यालये बंद पडली. आता तर साधी संगणकीय आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्रच करू लागले आहे. आवड नसताना अभियंता झालेला तरुण चार वर्षे आणि वडिलांची भविष्य निर्वाह निधीतील रक्कम खर्चून शेवटी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत येऊन बसतो आणि तेथे इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र पहिल्यापासून वाचू लागतो. जो विषय सतराव्या वर्षी तुच्छ होता, तोच चोविसाव्या वर्षी तारणहार ठरतो.

दुसरे असे की कोणते दार कोणत्या विषयाने उघडते आणि कोणते बंद होते, याची साधी माहितीही घराघरांत नसते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्याला देता येते. अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाला वाणिज्य शाखेचीच अट नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो, मात्र नौदल व हवाईदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावे लागते. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेतलेला विद्यार्थी थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. गणित हा विषय कला शाखेतही घेता येतो आणि अर्थशास्त्रात वरपर्यंत जाऊ इच्छिणाऱ्याने तो सोडणे म्हणजे पायावर धोंडा मारून घेणे होय. केंद्रीय विद्यापीठांचे दार २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षेने उघडते आणि तीत विद्यार्थी भाषा व विषय निवडू शकतो. ही माहिती गुप्त नाही. पण 'सायन्स ना?' या दोन शब्दांपुढे तिची विचारपूस होत नाही.

भिंत कुणी घातली?

विज्ञान एका बाजूला, संस्कृत-इतिहास दुसऱ्या बाजूला, ही भिंत भारतीय नाही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजात गणित घेऊन पदवी मिळवली. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' या ग्रंथात त्यांनी वसंतसंपाताच्या स्थानावरून वेदांचा काळ निश्चित करण्याचा प्रयत्न केला. ज्याला केवळ गणित येते किंवा केवळ संस्कृत येते, त्याच्या हातून तो ग्रंथ लिहिला गेला नसता. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर जर्मनीत भारतविद्येकडे वळले. शेकडो पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहण्याची ती शिस्त भांडारकर संस्थेत रुजली आणि १९६६ मध्ये ती आवृत्ती पूर्ण झाली. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत असत. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिले आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. औरंगजेबाचा आणि शिवछत्रपतींचा इतिहास लिहिणारे जदुनाथ सरकार मूळचे इंग्रजी साहित्याचे पदवीधर होते.

संघ परिवारालाही उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. हरिभाऊ वाकणकर मुळात चित्रकार. १९५७ मध्ये भीमबेटकाच्या शैलाश्रयांतील प्रागैतिहासिक चित्रे त्यांनी जगासमोर आणली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरले. लुप्त सरस्वतीच्या शोधयात्रेतही हा स्वयंसेवक अग्रभागी होता. आजच्या एखाद्या घरात असा मुलगा जन्मला तर काय होईल? चित्रकलेची वही बारावीपर्यंत कपाटात बंद होईल आणि हरिभाऊंच्या जयंतीच्या कार्यक्रमाला तो वेळेअभावी येऊ शकणार नाही, कारण त्याची त्या दिवशी सराव परीक्षा असेल.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांतील ही भिंत पाडण्याचे सांगितले आहे. धोरणाचे स्वागत राष्ट्रीय विचारांच्या सर्व संस्थांनी केले. पण भिंत केवळ शासननिर्णयात नसते. ती पालकांच्या मनात असते आणि तेथे शासनाची कुदळ पोहोचत नाही.

घरापासून प्रारंभ

यावर उपाय म्हणून प्रत्येक मुलाला इतिहासात ढकलावे, असे कुणी म्हणणार नाही. ती जुनीच चूक उलट्या दिशेने होईल. देशाला उत्तम वैद्यक हवेत, उत्तम अभियंते हवेत, प्रयोगशाळेत आयुष्य घालवणारे वैज्ञानिक हवेत, यंत्रावर हात चालवणारे कुशल कारागीरही हवेत. ज्याचा पिंड भौतिकशास्त्राचा आहे त्याने तेच घ्यावे. मागणी इतकीच आहे की निवड मुलाचा पिंड पाहून व्हावी, शेजाऱ्याचा चेहरा पाहून होऊ नये.

त्यासाठी काही गोष्टी सहज करता येतील. निकालाची वाट न पाहता नववीतच मुलाशी बोलावे. परीक्षा नसतानाही तो कोणते पुस्तक उघडतो, कोणत्या विषयात त्याला स्वतःहून प्रश्न पडतात, कोणते काम करताना त्याला वेळेचे भान राहत नाही, हे आई-वडिलांनी वर्षभर निरखावे. गुणपत्रिका यातले काहीच सांगत नाही. शास्त्रीय कसोट्यांची मदत घ्यावी. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापन आणि अभिक्षमता चाचण्यांचे काम मराठीत रुजवले आहे. राज्य शासनानेही २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली होती. अशा चाचणीचा निष्कर्ष ब्रह्मवाक्य मानू नये, पण क्लासच्या जाहिरातीपेक्षा तो नक्कीच अधिक विश्वासार्ह असतो. ज्या क्षेत्रात मुलाला जायचे आहे, त्यात काम करणाऱ्या दोन माणसांना त्याला प्रत्यक्ष भेटवावे. आणि कोणताही विषय सोडताना त्याने बंद होणारे दार कोणते, हे कागदावर लिहून पाहावे.

संघटनेचेही यात कर्तव्य आहे. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत भोजन, भाषा, भूषा यांची चर्चा होते, तशी विषयनिवडीचीही व्हावी. जिल्ह्याजिल्ह्यांत निवृत्त शिक्षक आणि प्राध्यापक कार्यकर्ते आहेत. त्यांनी दरवर्षी नववी-दहावीच्या पालकांचे मेळावे घ्यावेत. सुट्टीत मोडी लिपीचे, शिलालेख वाचनाचे, मंदिर स्थापत्याचे वर्ग चालवावेत म्हणजे मुलांना त्या विद्यांची गोडी तरी कळेल. परिवारातील सहकारी बँका आणि उद्योजक वैद्यकीय व अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात, तशाच त्यांनी संस्कृत, इतिहास आणि पुरातत्त्व या विषयांत पीएच.डी.पर्यंत जाणाऱ्या मुलामुलींना द्याव्यात. मासिक काही सहस्र रुपयांचा दहा वर्षांचा आधार मिळाला, तर एक अभ्यासक उभा राहतो. एका भव्य सभामंडपाच्या खर्चात असे कितीतरी अभ्यासक घडतील.

आणि सर्वांत आधी, ज्या घरात एखादी मुलगी चांगले गुण मिळवून ''इतिहास घेणार'' असे म्हणते, त्या घरी कार्यकर्त्याने जावे. समजूत काढण्यासाठी नव्हे, तिच्या आई-वडिलांचे अभिनंदन करण्यासाठी. पेढा तिथेही मागून घ्यावा. तिला सरदेसाईंचे खंड पाहायला पुण्याला न्यावे, मोडीचे पहिले पुस्तक हाती द्यावे आणि पुढील पंधरा वर्षे तिची चौकशी करीत राहावे. वीस वर्षांनी पाठ्यपुस्तक समितीवर कोण बसणार, हे आजच्या अकरावीच्या प्रवेश अर्जांत ठरत आहे. ते अर्ज भरताना जे गप्प बसतील, त्यांना पुढे पाठ्यपुस्तकांविषयी तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरणार नाही.